सात बाय अकरातला धबधबा

तळं बांधून घ्यायला आलेला माणूस आधी खिशातून मोबाईल काढतो. त्यात कुठल्यातरी परदेशातल्या बंगल्यामागचा धबधबा असतो, भोवती हिरवळ, पाण्यात हातभर लांबीचे केशरी मासे. "असंच पाहिजे," तो म्हणतो. मी फोटो बघते, छान आहे म्हणते, आणि विचारते, "तुमची संडासाची टाकी कुठे आहे?" निम्मी गिऱ्हाईकं इथेच नाराज होतात.

पण न विचारून कसं चालेल? आमच्या पेणला काय किंवा रोह्याला काय, आता परस म्हणजे आपली मागची भिंत आणि शेजाऱ्याची भिंत यांच्यामधली पट्टी. तिच्यात विहीर, मोरीचं पाणी जाणारी नळी, संडासाची टाकी, धुण्याची दोरी, एक माड, दोन केळी आणि घरातल्या कुणालाच टाकवत नाही अशी मोडकी सायकल. हे सगळं वगळून जी जागा उरेल तिथे धबधबा बसवायचा. एकाला वास्तुवाल्याने ईशान्य कोपरा सांगितला होता आणि ईशान्येला नेमकी टाकी. मी म्हटलं, साहेब, सांगाल तिथे खणते, पण जे निघेल ते तुमचं. मग दुसऱ्या कोपऱ्यावर तडजोड झाली.

मी शैला. वय त्रेसष्ट. माहेर नागोठण्याकडचं, सासर पेणचं, आणि पेणचं सासर म्हणजे काय ते सांगायला नको. घरचा गणपतीचा कारखाना. तीस वर्षं मी साच्यात शाडू दाबला, हातपाय जोडले, रंग दिले. आखणी, म्हणजे डोळे काढायचं काम, तेवढं मला कधी मिळालं नाही, ते दीर करायचे. एका वर्षी आळीच्या मंडळाला देखावा हवा होता म्हणून मी कूलरचा पंप लावून छोटा धबधबा करून दिला. लोकांनी आधी धबधबा बघितला आणि मग गणपतीला हात जोडले. तिथे एक डॉक्टर आले होते, ते म्हणाले, आमच्या परसात असा करून द्या की. झालं. गेली अठरा वर्षं हाच धंदा.

त्या डॉक्टरांकडचं पहिलं तळं आठवलं की अजून माझे कान गरम होतात. दगड कसे करायचे? मला एकच विद्या येत होती. काथ्या आणि प्लास्टर घेऊन मी असे झकास कातळ उभे केले की डॉक्टर हात लावून बघायचे. त्यांना मूर्तीचे रंग दिले, वरून छटा मारल्या, एका फटीत शेवाळसुद्धा रंगवलं. दसऱ्याला पाणी सोडलं, पेढे वाटले. आठवडा झाला नसेल, फोन आला. जाऊन बघते तर कातळांची नाकं गळलेली, तळ्यात गेरूचं पाणी, आणि मासे श्वास घ्यायला वर आलेले. डॉक्टरांच्या आई पायरीवर बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "विसर्जन झालं म्हणायचं." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. घरी येऊन विचार केला, आणि मग मला माझंच हसू आलं. तीस वर्षं आम्ही जे घडवलं ते दीड दिवसात, पाच दिवसांत, फार तर दहा दिवसांत पाण्यात जायचं. पाण्यात टिकणारी वस्तू करायची आमच्या हातांना सवयच नव्हती.

ते काम मी फुकट पुन्हा करून दिलं. त्यासाठी निडी गावचे गणूमामा शोधून काढले. गणूमामा गवंडी, विहिरी बांधण्यात हयात गेलेली, बोलणं मोजकं आणि तेही बहुतेक उलट. त्यांनी मला सळईचा सांगाडा, वर कोंबडीची जाळी आणि त्यावर सिमेंटचे थर द्यायला शिकवलं. सिमेंटचा दगड ओला असताना मी त्याला करवंटीने, ब्रशने, चुरगळलेल्या कागदाने असा पोत देते की त्यावर पाल येऊन बसते. ही माझी कला. तिचा मला गर्व आहे, आणि पुढे जे सांगणार आहे ते या गर्वामुळेच घडलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, तळं म्हणजे खड्डा आणि पाणी. खड्डा शेवटी येतो. मी आधी घरात जाऊन बसते. जिथे घरची माणसं चहा पितात तिथे. तिथून पाणी दिसलं पाहिजे, निदान ऐकू आलं पाहिजे. परसाच्या पार टोकाला केलेल्या तळ्याकडे महिन्याभरानंतर कुणी फिरकत नाही, मग डास फिरकतात. आंबाफणसाच्या खाली तळं करायचं नाही, पानं काढून काढून जीव जातो. दिवसभर ऊन लागेल तिथेही नाही, पाणी हिरवं होतं. आणि धबधबा जेवढा उंच, निदान तेवढं तळं रुंद हवं, नाहीतर पाणी बाहेरच उडतं. आमच्याकडे चार महिने आभाळच तळं भरतं, त्यामुळे भरायची काळजी नाही, सांडायची आहे. जादा पाण्याला वाट आधी काढायची. ही वाट शेजाऱ्याच्या परसात निघाली तर तळं राहतं आणि शेजार जातो.

हे नियम मोडायला लावणारी माणसंही भेटतात. खांब गावाला हायवेवर एका हॉटेलवाल्याला आठ फूट रुंदीच्या बोळात बारा फुटी धबधबा हवा होता. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, तुम्ही करा, बाकीचं मी बघतो. वर त्याला शंकराच्या जटेतून पाणी पडायला हवं होतं. मी हट्टाला पेटून करून दिला, होऊन जाऊ दे म्हटलं. पहिल्याच रविवारी जवळच्या चार टेबलांवरच्या थाळ्यांत पाणी. मालकाने काय करावं? त्या चार टेबलांना प्लास्टिकचा पडदा लावला आणि तीच टेबलं लोक मागून घ्यायला लागले. पोरं तर अडून बसायची, तिथेच जेवायचं म्हणून. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला मूर्ख म्हणायचं सोडून दिलं. मनात म्हणते.

आता रोह्याचं सांगते.

दोन वर्षांपूर्वी आषाढात मला एका बाईंचा फोन आला. आवाज म्हातारा पण खणखणीत. "तू तळी करतेस ती ना गो? मला एक हवंय. पाणी वाहतं हवं आणि त्यात मासे हवेत, बाकी तुला हवं ते कर." मोबाईलमधला फोटो नाही, हिरवळ नाही. मला बरं वाटलं. पेणहून रोहा गाठलं, स्टेशनवरून मिनीडोअर रिक्षा केली आणि नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत पोचले.

हन्नाबाई एकोणऐंशी वर्षांच्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्या भागातल्या दोन पिढ्या त्यांच्या हातावर जन्मल्या, त्यामुळे गल्लीतली मिशीवाली माणसंसुद्धा त्यांना दबकून असतात. जातीने बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदी. एकेकाळी त्यांची बरीच घरं होती तिथे. एकेक करून सगळे इस्राएलला गेले. यजमान वारल्यावर मुलगा डॅनियलही तिकडे जाऊन स्थायिक झाला. राहिल्या या, घर, विहीर आणि दाराच्या चौकटीला ठोकलेली, आत प्रार्थनेची चिठ्ठी असलेली छोटी नळी.

त्यांनी मला आधी चहा दिला आणि मग सगळं नीट सांगितलं. त्यांच्या वर्षाचा पहिला दिवस म्हणजे नव्याचा सण. तो आपल्या घटांच्या आसपास येतो. त्या दिवशी दुपारनंतर वाहत्या पाण्याशी उभं राहून प्रार्थना म्हणायची आणि वर्षभरात झालेली पापं पाण्यात टाकायची. पाण्यात मासे असावेत, कारण मासा डोळे मिटत नाही, आणि देवही मिटत नाही. आजवर त्या कुंडलिका नदीवर जायच्या. आधी पन्नास माणसं असत, मग दहा, मग त्या एकट्या. मागच्या वर्षी घाटाच्या पायरीवर पाय घसरला, खुबा मोडला, सळी घातली. डॅनियलने तिकडून निर्वाणीचं सांगितलं की आता बास, मी न्यायला येतो.

"मी त्याला सांगितलंय," हन्नाबाई म्हणाल्या, "या वर्षी माझ्या पायांवर उभी राहून, माझ्या घरी, मी नव्याचा सण केला तर मी इथंच राहणार. नाय जमलं तर तिकीट काढ. तो व्हय म्हणालाय. आता तू बघ काय ते."

म्हणजे एका बाईचं गाव राहायचं की सुटायचं ते माझ्या पंपावर आलं होतं. मी असलं काम आधी कधी घेतलं नव्हतं. खरं सांगायचं तर भीती वाटली आणि अंगावर मूठभर मांसही चढलं.

जागा मोजली. मागचं दार उघडलं की सात फूट रुंद, अकरा फूट लांब. एका बाजूला विहिरीचा कठडा, दुसऱ्या बाजूला शेजारच्यांची भिंत. संडासाची टाकी सुदैवाने पुढच्या अंगाला. माझ्या गणिताने धबधबा साडेतीन फूट उंच, विहिरीला लागून, पाणी दोन पायऱ्यांवरून खाली येणार. तळं चार फूट रुंद. दारातून तीन पावलं टाकली की एक फरसबंद चौकोन, त्याला भिंतीत धरायला दांडी, तिथे हन्नाबाई उभ्या राहणार. दोन फूट बाय दोन फूट. एका माणसाची जागा. त्याहून एक इंच जास्त काढली असती तर तळं अरुंद होऊन पाणी त्यांच्या अंगावर उडालं असतं. ओल्या फरशीवर एकोणऐंशी वर्षांची बाई नको, एवढी अक्कल मला होती. काठाला मी माझ्या हातचे सिमेंटचे कातळ धरले, धबधबाही त्यांचाच. हन्नाबाईंना मी सांगितलं की कुंडलिकेच्या पात्रातला कातळ इथे आणून ठेवते, बघा. त्या म्हणाल्या, "मासे आण गो. कातळ मी खूप बघितले." आणि मासा खवल्यांचा हवा अशी अट घातली. बिनखवल्याचा त्यांच्या ताटात चालत नाही, तर तळ्यातही नको.

आषाढात खड्डा झाला, सांगाडा झाला. आणि मग आला श्रावण. पेणमधल्या माणसाला श्रावणात काम सांगू नये. हे आधीच आम्ही पाटीवर लिहून लावायला हवं. घरात पाय ठेवायला जागा नाही, ओटीवर गणपती, माजघरात गणपती, आम्ही त्यांच्यामधून कडेकडेने चालतो. गिऱ्हाईक दारात, रंग ओले, आमचे हे एकटे कुठे कुठे पुरणार? मी हन्नाबाईंना म्हटलं, गणपती झाले की येते. त्या हो म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

गौरी-गणपती गेले आणि मी रोह्याला पळाले. हातात तीन आठवडे. गणूमामा आणि मी मिळून पाच दिवसांत सिमेंटचं सगळं काम उरकलं, मध्ये पाऊस, वर ताडपत्री धरून. काम झालं मात्र देखणं. पण नव्या सिमेंटला चुना सुटतो. त्या पाण्यात मासा जगत नाही. म्हणून तळं भरायचं, त्यात केळीच्या खुंटाचे तुकडे आणि शेण टाकून मुरू द्यायचं, पाणी काढायचं, पुन्हा भरायचं, असं निदान तीन आठवडे. हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तरी मी एक आठवडा मुरवलं, बोट बुडवून चाखलं, झालं असेल म्हटलं, आणि नव्याच्या सणाला नऊ दिवस असताना खवल्यांचे बारा लालसर मासे सोडले. गणूमामा म्हणाले, "नाय जगायचे." मी म्हटलं, मामा, तुम्ही शुभ बोला. ते त्यांच्या बिडीकडे वळले.

सकाळी हन्नाबाईंचा फोन. "ये."

बाराच्या बारा पाण्यावर आडवे. पंप चालू होता, माझ्या कातळांवरून पाणी सुरेख पडत होतं, आणि खाली ते मेलेले मासे गोल फिरत होते. मी काय केलं? मी मासेवाल्याला शिव्या दिल्या. म्हटलं, रोगट माल दिला मेल्याने, मी बघते त्याच्याकडे. हन्नाबाई खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत राहिल्या. ज्या बाईने चाळीस वर्षं बायकांच्या नाडीवर बोट ठेवलं तिच्यापुढे खोटं किती वेळ टिकणार? माझाच आवाज मला पोकळ वाटायला लागला. मी खाली बसले आणि म्हटलं, मासेवाल्याचा दोष नाही, माझा आहे, मी घाई केली.

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "जीव गेले ते माझ्यापायी. यंदा पाण्यात टाकायला हे एक वाढलं."

त्याच दुपारी डॅनियलचा मला फोन आला. तीस वर्षं परदेशात राहून त्याचं मराठी रोह्याच्या गल्लीत होतं तसंच राहिलं होतं. तो रागावला नाही, त्यामुळे मला जास्त लागलं. म्हणाला, "ताई, तुम्ही कष्ट घेतले, मला दिसतं. पण तिला आता भरीला घालू नका. ती पडली तेव्हा दोन तास घाटावर एकटीच होती. मला इथं झोप नाय लागत. इथं आमच्या घरापासून समुद्र पाच मिनिटांवर हाय, तिला हाताला धरून नेतो." मुलगा चुकीचं काहीच बोलत नव्हता. मी एवढंच म्हटलं की सणापर्यंतचं वचन आहे, आठ दिवस उरलेत, तेवढे थांबा. तो थांबतो म्हणाला.

पेणला घरी आल्यावर मी जेवले नाही. उपाय एकच होता आणि तो मला पहिल्यापासून माहीत होता. शेततळ्याला अंथरतात तो प्लास्टिकचा जाड काळा कागद. तो सिमेंटवर टाकला की चुन्याचा आणि पाण्याचा संबंधच तुटतो. मी आयुष्यात तो वापरला नव्हता. कागदाचं तळं करणारे बरेच निघालेत आता, एका दिवसात करून जातात, आणि मी त्यांना नाकं मुरडत आले. कागद टाकायचा म्हणजे माझ्या काठाचे कातळ काढायचे. आणि धबधब्याचे? त्यांच्यावरूनच तर पाणी येत होतं.

दुसऱ्या दिवशी गणूमामांच्या हातात मोठा हातोडा दिला आणि म्हटलं, तुम्ही फोडा, मला बघवत नाही. मग वाटलं, बघवत नाही म्हणजे काय, बारा मासे बघितलेच की. मीच हातोडा घेतला. वरचा, करवंटीने पोत दिलेला, सगळ्यात सुंदर कातळ आधी फोडला. पहिल्या घावाला रडू आलं, चौथ्यापासून राग आला, आणि दहाव्यापर्यंत मला घामाशिवाय काही सुचत नव्हतं. हन्नाबाई दारात उभ्या होत्या, वॉकर धरून. त्या म्हणाल्या, "चहा घेतेस का आता?" मी घेतला.

तळ्यात आणि धबधब्याच्या पायऱ्यांवर कागद अंथरला. कडा दाबायला गल्लीतल्या एका पडक्या कुंपणाचे काळे दगड मालकाला विचारून आणले. विचारलं गणूमामांनी, मालकाचा जन्मही हन्नाबाईंच्या हातचा, तो स्वतः चार दगड डोक्यावर घेऊन आला. पाणी भरलं विहिरीचं. तीन दिवस वाट बघितली. मग दोनच मासे सोडले. दुसऱ्या दिवशी ते दगडाखालून बाहेर येऊन तोंड उघडझाप करत होते. मी तिथे फरशीवर बसून त्यांच्याकडे इतका वेळ बघत राहिले की माझ्या पायांना मुंग्या आल्या. मग आणखी आठ सोडले. सगळे जगले. आणि एक कबूल करते, ते साधे काळे दगड त्या जागेला माझ्या कातळांपेक्षा जास्त शोभत होते.

सणाच्या दिवशी मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेले. गणूमामाही आले होते, धुतलेला सदरा घालून. पंप आदल्या संध्याकाळीच चालू करून ठेवला होता, कारण सणाला हन्नाबाई बटणाला हात लावत नाहीत. सकाळी त्यांनी सफरचंद मधात बुडवून आम्हाला दिलं. दुपारी परतीच्या पावसाची एक जोरदार सर आली, दोनदा कडाडलं, आणि लाईट गेली.

धबधबा थांबला. वरच्या पायरीवरून शेवटची धार आली, मग थेंब, मग तेही नाही. खाली मासे होते, तळं होतं, पण पाणी उभं. मी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले. विजेच्या खांबावर काहीतरी जळलंय, संध्याकाळ होईल म्हणाले. हन्नाबाई पांढरी साडी नेसून, पुस्तक हातात घेऊन मागच्या दारात आल्या होत्या. त्यांनी पाण्याकडे बघितलं आणि माझ्याकडे. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांचा चेहरा पडलेला बघितला. सोळा वर्षं धंदा करून माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं की या भागात पावसाबरोबर लाईट जाते, आणि पंप लायटीवर चालतो.

गणूमामा विहिरीच्या कठड्यापाशी गेले, कप्पीवरची दोरी सोडली आणि बादली आत टाकली. कठडा धबधब्याला लागूनच होता. त्यांनी भरलेली बादली वर काढून माझ्यापुढे धरली. "वत," म्हणाले.

मी कठड्याच्या पायथ्याच्या दगडावर चढले, कठड्याला अंग टेकवलं आणि वरच्या पायरीवर पाणी ओतलं. हळू, बारीक धारेने, म्हणजे पुढची बादली येईपर्यंत पुरेल. पाणी पहिल्या पायरीवर आलं, दुसरीवर आलं, तळ्यात पडलं. हन्नाबाईंनी वॉकर दारातच ठेवला. एक पाऊल. दांडी धरली. दुसरं, तिसरं. त्या फरशीच्या चौकोनात उभ्या राहिल्या.

त्यांची प्रार्थना हिब्रूत होती, मला त्यातलं अक्षर कळलं नाही. मला बादली कळत होती. मामा ओढत होते, मी ओतत होते, हात भरून आले होते. मध्ये एकदा दोरी कप्पीत अडकली, धार बारीक झाली, आणि त्यांनी पुस्तकातून मान न काढता म्हटलं, "थांबू नको गो." मी थांबले नाही. मामांनी दोरी झटक्याने सोडवली. किती बादल्या ओतल्या ते कुणी मोजलं नाही, जादा पाणी माझ्या काढून ठेवलेल्या वाटेने गटारात जात होतं. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं, साडीचा पदर हातात घेतला आणि पाण्यावर तीनदा झटकला. मग मागे वळल्या आणि त्याच तीन पावलांनी घरात गेल्या. स्वतःच्या पायांनी. मी बादली खाली ठेवली आणि तिथेच हमसून रडले, सांगायला लाज कसली? मामा दुसरीकडे बघत बिडी शोधत राहिले.

त्यांचा सण दोन दिवस चालतो, तोवर फोन नाही. तिसऱ्या दिवशी मी पेणला कारखान्यात साचे धूत होते, तेव्हा डॅनियलचा फोन आला. हात पुसायलाही सुचलं नाही. तो म्हणाला, आईने सगळं सांगितलं, लाईट गेल्याचंही. मला वाटलं, आता हा म्हणणार की पंप बंद पडला म्हणजे पैज मोडली. पण तो म्हणाला, "ताई, पुढच्या नव्याच्या सणाला मी येतोय. मी पण तिथंच उभा राहीन, आईबरोबर. जागा होईल का दोघांना?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी टेप काढून दाखवली असती की होत नाही. सात बाय अकरात होत नाही.

"होईल," मी म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी गणूमामांना घेऊन रोह्याला गेले. चौकोनाच्या विहिरीकडच्या अंगाचे काठाचे दगड काढले, कागद मागे दुमडला, मागे माती भरून दाबली, तळं दीड फुटाने लहान केलं. जिथे पाणी होतं तिथे फरशी बसवली, जुन्या चौकोनाला लागून. मी हन्नाबाईंना सांगितलं की आता पाणी थोडं अंगावर उडणार, उजव्या बाजूला जास्त, त्याला मी काही करू शकत नाही. त्या म्हणाल्या, उडू दे. मग दांडी धरून आल्या आणि त्यांच्या जागेवर, डाव्या बाजूला उभ्या राहिल्या. उजवीकडच्या नव्या फरशीकडे त्यांनी बराच वेळ बघितलं, तिथे कुणी उभं असावं तसं खालपासून वरपर्यंत.

"अजून चार बोटं काढ गो," त्या म्हणाल्या. "तो आता जाडा झालाय."